चि. मुक्तास

चि. मुक्ता, अनेक आशीर्वाद.

उद्या जहाज बेरिंग समुद्राकडे निघतंय आणि लहान बोटीतून क्रॉसबोने डार्ट मारून व्हेलची बायॉप्सी, म्हणजे कातडी-चरबीचा छोटा नमुना, घ्यायचं काम तुझ्याकडे आलंय, हे वाचून ऊर भरून आला. त्या पूर्वेकडच्या पाण्यात राइट व्हेल उरलेत जेमतेम ३०च्या आसपास. १९६०च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी चोरून केलेली शिकार अजून भरून निघालेली नाही. तिथे एकेक नमुना मोलाचा.

पण धोका डार्ट मारताना नसतो, नमुना घेऊन पाण्यात पडलेला तो डार्ट उचलताना असतो. सगळ्यांचे डोळे व्हेलवर आणि तू जाळी घेऊन काठावरून वाकलेली. वाकण्याआधी इंजिन न्यूट्रलला आहे ना, चालवणाऱ्याने किल-कॉर्ड, तो पडला तर इंजिन बंद करणारी दोरी, अंगाला अडकवलीय ना, एवढं बघ. गार पाण्यात पहिलं मिनिट श्वासावर ताबा राहत नाही, दहाएक मिनिटांत बोटं निकामी होतात, शुद्ध तासाभराने जाते. पाणी आत न येऊ देणाऱ्या ड्रायसूटची चेन जहाजावरच लाव. तुला हे पाठ आहे, माहीत आहे मला.

दर नमुन्याला हातमोजे नवे, चिमटा स्वच्छ. कातडी डीएनएसाठी, चरबी लगेच गोठव, तिच्यातल्या प्रोजेस्टेरॉनवरून मादी गाभण आहे का ते कळतं, आणि तिथे माद्याच कमी. फोटो डोक्यावरच्या, ओळख पटवणाऱ्या घट्ट्यांचे, दोन्ही बाजूंनी, शटर १/१०००पेक्षा संथ नको. धुक्यात एका सोनोबॉयने, म्हणजे पाण्यातले आवाज ऐकणाऱ्या तरंगत्या यंत्राने, फक्त दिशा कळते. दोन टाकलेत तर रेषा छेदतात तिथे प्राणी. मात्र जागा सापडली तरी धुक्यात लहान बोट उतरवायची नाही, कोणी कितीही घाई करो. आले बघ परत तिथेच. रागावू नकोस, नंदूमामाचं झाल्यापासून माझं हे असंच आहे. पोहायला शिकलीस तेव्हाही तू काठ सोडून आधी मधोमध जायचीस.

व्हेलचा माग ठेवणारा टॅग तिच्या अंगाला लावायची वेळ आली तर एल-९५ आठव. २०१६मध्ये त्या किलर व्हेलला लावलेला टॅग आधी समुद्रात पडला होता. तो अल्कोहोलने पुसला, ब्लीचमधून काढायचं राहिलं. पाचेक आठवड्यांत तो व्हेल मेलेला सापडला, टॅगच्या जागी बुरशीचा संसर्ग. पाण्यात पडलेला टॅग बाजूला ठेव, दिवस वाया गेला तरी चालेल.

बाबांना मी जहाजाचं सांगितलंय, लहान बोटीचं नाही. त्यांचा फोन आला तर तूही तेवढंच सांग.

तुझी आई