जाऊन येते

तीर्थस्वरूप शेजारच्या आजींना,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला वाचता यायचं नाही. त्याचा जपानी मजकूर लेक शनिवारी तुमच्याकडे येऊन वाचून दाखवणार आहे, पण तो पाच ओळींचा आहे, कारण माझं जपानी पाच ओळींत संपतं. शिवाय गेल्या दोन वर्षांत मी तुम्हाला 'आरिगातो'पेक्षा (धन्यवाद) 'सुमिमासेन'च (माफ करा) जास्त म्हटलं असेल. मराठीत तरी आम्ही आभार कुठे मानतो? घरच्या माणसाला 'आभारी आहे' म्हटलं, तर तो विचारतो, काय बिनसलं? तरी लिहिते. मुलं घेऊन जपानला येणारी आपली माणसंही वाचतील, त्यांना पहिल्या काही महिन्यांचा अंदाज येईल.

आम्ही फेब्रुवारीत टोकियोशेजारच्या सैतामाला राहायला आलो. टोकियोत निशी-कासाईला भारतीयांची मोठी वस्ती आहे, तिथे घर घेतलं असतं तर पदोपदी कुणीतरी सांगायला असतं. इथे इमारतीत आम्ही एकटेच. परदेशी मुलांना शाळेची सक्ती नाही, पण नाव घातलं तर सरकारी शाळेत फी नाही आणि पुस्तकंही फुकट, एवढं वाचून मी निर्धास्त होते. मग सामानाची यादी आली.

आतले बूट वेगळे, ते ठेवायची पिशवी वेगळी. फरशी पुसायची दोन फडकी, कारण वर्ग मुलंच झाडतात आणि पुसतात. पाठीवरचं ते कडक दप्तर, रांदोसेरु, नवं घ्यायचं तर पन्नास-साठ हजार येन सहज. तुम्ही नातीचं जुनं काढून, पुसून, आमच्या दारात आणून ठेवलंत. आणि गणिताचा संच: मोजायच्या काड्या, रंगीत चकत्या, पत्ते, खोटं घड्याळ. या सगळ्यावर मुलीचं नाव हवं. म्हणजे डब्यावर ना? तुम्ही मान हलवलीत आणि एक काडी उचलून दाखवलीत. हिच्यावर. मग दुसरी. हिच्यावरही.

तो रविवार आठवतो का? जेवणाचं टेबल, तुमचा वाचायचा चष्मा, एक चिमटा आणि तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी चिकटपट्टीची लेबलं. आमचं चार अक्षरी आडनाव कातकाना लिपीत सहा अक्षरांचं होतं, ते काडीवर मावेना. तुम्ही आडनावाला सरळ कात्री लावलीत. बरोबरच होतं, त्या वर्गात या नावाची दुसरी मुलगी असायची शक्यता नव्हती. तीन तास लागले. मी मनातल्या मनात शाळेला नावं ठेवत होते, तुम्ही एकेक लेबल लावून बोटाने दाबत होतात. शेवटची चकती मात्र तुम्ही तिच्या हातात दिलीत. ती वाकडी चिकटली, ती तशीच ठेवलीत.

जेवणाचं प्रकरण त्याहून अवघड. शाळा महिन्याचा तक्ता आधीच देते आणि आम्ही शाकाहारी. मिसो सूप, भात, भाज्या दिसल्या की मी खुशाल टिकमार्क करत होते. तुम्ही लाल पेन्सिल मागितलीत आणि चौकटीचौकटीत छोटे मासे काढत गेलात. सूपात, उकडलेल्या भाजीत, अगदी सॉसमध्येही. दाशी म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं: तो रस बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचा असतो. महिन्याच्या तक्त्यावर तळ्यापेक्षा जास्त मासे झाले, तेव्हा आपण दोघीही हसलो. तेव्हापासून तिचा डबा घरून जातो.

आणि तो ॲप्रन! जेवण वाढायची पाळी मुलांचीच असते. शुक्रवारी पांढरा ॲप्रन-टोपी घरी आणायची, धुऊन इस्त्री करून सोमवारी परत न्यायची, मग तो दुसऱ्याच मुलाच्या अंगावर जाणार. मी तो माझ्या नव्या ओढणीबरोबर मशीनमध्ये घातला. रविवारी रात्री दहाला गुलाबी ॲप्रन घेऊन मी तुमच्या दाराशी उभी होते. तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त बादली आणलीत. सोमवारी तो पांढराच होता, उजेडात धरला तर किंचित गुलाबी.

पण हे पत्र मी खरं तर काड्या-ॲप्रनसाठी लिहीत नाही.

एप्रिल आणि मे, शाळेचे पहिले दोन महिने, माझी मुलगी तिथे एक शब्द बोलली नाही. घरात मराठीत तोंडाचा पट्टा चालू, उंबरा ओलांडला की मुकी. शाळेच्या वहीत बाई रोज लिहायच्या, आज नीट जेवली, आज चित्र काढलं. फोनवर सगळे विचारायचे, 'मग, फाडफाड जपानी बोलते का?' नव्या भाषेत पडलेली मुलं कधी कधी महिनोन्‌महिने नुसती ऐकत बसतात हे मी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि रात्री तीनला जागं असणं वेगळं. मीही तिच्यामागे लागले, निदान सकाळचं 'ओहायो' तरी म्हण. ती मान खाली घालायची.

तुम्ही तिला एकही प्रश्न विचारला नाहीत. हे मला फार उशिरा लक्षात आलं. दुपारी ती तुमच्याकडे यायची तेव्हा तुम्ही तिला काम द्यायचात: रद्दीचे पेपर सारखे रचायचे, तुम्ही सुतळी ओढाल तेव्हा गाठीवर बोट धरायचं. बोटाने भागतं तिथे बोलायला कशाला लागतं? फक्त रोज सकाळी, इमारतीखाली शाळेत जाणाऱ्या मुलांची रांग जमायच्या वेळी, तुम्ही दार किलकिलं करून म्हणायचात, 'इत्तेराश्शाई.' उत्तर आलं नाही तरी दुसऱ्या दिवशी तेवढ्याच आवाजात पुन्हा.

याचा अर्थ काय, असं मी एकदा विचारलं. तुम्ही दोन बोटं टेबलावर चालवत लांब नेलीत आणि तशीच चालवत परत आणलीत. जाऊन ये. आणि जाणाऱ्याने म्हणायचं 'इत्तेकिमास', जाऊन येते. मी तुम्हाला तेव्हा सांगू शकले नाही, आता सांगते. आमच्याकडेही दारातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत. म्हटलं तर आजी लगेच टोकते, 'जाते नाही, येते म्हणावं.' त्या रात्री मी लेकीला एवढंच सांगितलं, शेजारच्या आजी रोज सकाळी तुला आपल्या आजीचंच वाक्य म्हणतात.

जूनमधली पावसाची सकाळ होती. पिवळी टोपी, पिवळी छत्री, ती लिफ्टमध्ये शिरली. तुमचं 'इत्तेराश्शाई' झालं. लिफ्टचं दार मिटता मिटता आतून आलं, 'इत्तेकिमास.' बारीक, घाईघाईत, शेवटचा स्वर दारात अडकलेला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंतही नाहीत, जसं काही रोजच येतं असं उत्तर. मी मात्र दार लावून स्वयंपाकघरात जाऊन रडले.

त्या पावसानंतरच्या इथल्या उन्हाळ्यात पहिलीच्या सगळ्या मुलांसारखी तिने आसागाओची कुंडी घरी आणली. आसागाओ, शब्दशः 'सकाळचा चेहरा': फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. सुट्टीत रोज फुलं मोजून वहीत लिहायची. आम्ही तीन आठवडे भारतात होतो. परत आलो तर दारात कुंडी, वेल काठीच्याही वर गेलेली आणि एक कागद. तारीख, पुढे निळी किती, जांभळी किती. एकवीस ओळी, सगळ्या सोप्या हिरागाना लिपीत, तिला वाचता याव्यात म्हणून. म्हणजे एकवीस दिवस कोवळ्या उन्हात तुम्ही आमच्या दाराशी वाकून फुलं मोजत होतात. एका ओळीत शून्य होतं, पुढे कंसात: पाऊस.

या एप्रिलमध्ये ती तिसरीत गेली. रांगेत तिच्या मागे आता एक नवा पहिलीतला मुलगा असतो, तोही बोलत नाही. परवा मी तिला म्हटलं, त्याच्याशी बोल की जरा. ती म्हणाली, 'कशाला? मी त्याला माझी छत्री धरायला देते.'

तुमची,
समोरच्या दारातली

ता. क. तुमचा चिमटा दोन वर्षं आमच्याकडेच आहे. शनिवारी आणते. सुमिमासेन.