पॅडलबोर्ड आणि सर्फिंगच्या ‘नवशिक्यांसाठी’च्या वर्गाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
जलक्रीडा प्रशिक्षण विभाग

विषय : पॅडलबोर्डच्या वर्गातील निष्काळजीपणा, त्या वर्गाची रक्कम परत मिळणे आणि माझ्या भाचीचा फोटो तुमच्या जाहिरातीतून काढणे.

महोदय,

सुट्टीत आम्ही चौघांनी, म्हणजे मी, माझा नवरा, नणंद आणि तिची चौदा वर्षांची मुलगी यांनी, तुमच्याकडे पॅडलबोर्ड (उभं राहून वल्हवायचा बोर्ड) आणि सर्फिंगचा नवशिक्यांसाठीचा जोडवर्ग घेतला. वर्ग संपला तशी तुमची ‘अनुभव कसा वाटला?’ अशी विचारणा आली, खाली पाच चांदण्या. मला जे सांगायचं आहे ते चांदण्यांत मावणारं नाही, म्हणून हे पत्र.

आधी ज्याबद्दल तक्रार नाही ते सांगते. आम्ही सारखे पडलो, नाकातोंडात पाणी गेलं, गुडघे सोलवटले, दुसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर जाईना. हे सगळं शिकण्यात आलंच. उभं राहता आलं नाही म्हणून पैसे परत मागणाऱ्यांतली मी नव्हे. समुद्र तुमच्या ताब्यात नाही हेही मला कळतं. पण आज या पाण्यात नवख्या माणसांना उतरवायचं की नाही, हे ठरवणं तुमच्या ताब्यात होतं. आम्ही पैसे मोजले ते मुख्यतः त्या निर्णयाचे. नुसता बोर्ड काय, कुठेही भाड्याने मिळतो.

पॅडलबोर्डसाठी आम्ही मुद्दाम सकाळची वेळ घेतली होती. दिवस चढला की जमीन तापते, वारा सुटतो, पाणी खवळतं. सकाळी ते त्यातल्या त्यात निवांत असतं. आदल्या रात्री उशिरा तुमचा मेसेज आला की वेळ बदलून दुपारची केली आहे. कारण दिलं नव्हतं. ते काउंटरवरच्या मुलाने दिलं, तेही अगदी निरागसपणे: सकाळी मोठा ग्रुप आला, त्यांना तुमचा स्लॉट दिला. बरं, दिला तर दिला. पण दुपारी वाऱ्याचं काय चाललं आहे हे कोणी बघायला नको?

शाळेत शिकलेला दुपारचा खारा वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो. तो असता तर निदान दमलेली माणसं आपोआप काठाला लागली असती. त्या दुपारी वारा नेमका उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता आणि चांगला जोरात होता. हे कळायला यंत्र नको होतं. आम्ही ज्या टेबलावर ‘होणाऱ्या इजेला मी स्वतः जबाबदार’ या फॉर्मवर सह्या करत होतो, तिथून नवऱ्याचा फॉर्म पेनासकट उडाला आणि थेट पाण्याच्या दिशेने गेला. काउंटरवरचा मुलगा त्यामागे पळाला, गुडघाभर पाण्यात शिरून तो ओला कागद घेऊन आला, झटकला आणि इतर फॉर्मवर वाळत ठेवून वर दगड ठेवला. आम्ही हसलो. तुमचे प्रशिक्षकही हसले. मग समुद्राकडे हात करून म्हणाले, “बघा, पाणी कसं काचेसारखं आहे. आज मजा येणार.”

पाणी काचेसारखं दिसत होतं ते त्याच वाऱ्यामुळे. जमिनीकडून वारा असला की काठाजवळचं पाणी आडोशात राहतं आणि शांत दिसतं. खरी ओढ पुढे, आडोसा संपल्यावर कळते. आणि पॅडलबोर्डवर उभा राहिलेला माणूस म्हणजे वाऱ्याच्या दृष्टीने शीडच. हे मला परत आल्यावर वाचून कळलं. प्रशिक्षकाला आधीपासून माहीत असायला हवं, अशी माझी भाबडी समजूत होती.

वर्गाच्या नावाखाली जे झालं ते असं. हवेने फुगवायचे बोर्ड होते. अशा बोर्डांना साधारण १२ ते १५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब लागतो. तुमच्या पंपाचा काटा शून्यावरून हलत नव्हता, त्यामुळे हाताने दाबून ‘झालं’ असं ठरवण्यात आलं. नवरा उभा राहिला तसा त्याचा बोर्ड मधोमध खचला आणि घोट्यापर्यंत पाणी आलं. वल्ही सगळी एकाच उंचीला अडकलेली. वल्हं वापरणाऱ्याच्या उंचीपेक्षा वीस-पंचवीस सेंटीमीटर जास्त हवं म्हणतात. माझी नणंद पाच फुटांची आणि नवरा सहाला टेकलेला, दोघांच्या हातात सारखंच. भाचीने वल्हं उलटं धरलं होतं. पातं दांड्याशी किंचित कलतं असतं आणि तो कल पुढच्या बाजूला राहायला हवा, हे तिला वर्गात आलेल्या दुसऱ्याच एका गृहस्थांनी सांगितलं. लाइफ जॅकेटं एका कोपऱ्यात ढिगाने पडली होती, “ज्यांना हवीत त्यांनी घ्या” या तत्त्वावर. आम्ही घेतली. ज्यांनी घेतली नाहीत त्यांना कोणी एका शब्दाने विचारलं नाही. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने तर २००८ मध्येच ठरवलं की पोहण्याच्या आणि सर्फिंगच्या पट्ट्याबाहेर गेलेला पॅडलबोर्ड ही नौका मानायची आणि त्यावर माणशी एक लाइफ जॅकेट हवं. तो नियम सगळीकडे लागू नाही, ठाऊक आहे. पण कोणीतरी इतका गंभीर विचार केला त्याला काही कारण असेल ना?

शिकवण म्हणाल तर गुडघ्यांवर बसा, मग उभे राहा, समोर बघा. बस. वारा बाहेर नेऊ लागला तर काय करायचं, हे नाही. परत कसं यायचं, हे नाही.

भाची हलकी, तिला पटकन जमलं. उभी राहिली, आनंदाने ओरडली आणि सरकत गेली. तिला वाटलं आपण वल्हवतोय. वळायला गेली तेव्हा बोर्ड वळेना. ती उभ्याने जीव खाऊन वल्हं मारत होती आणि काठापासून लांबच जात होती. तिची आई तिच्यामागे गेली, तीही तशीच. तुमचे प्रशिक्षक काठावर होते. त्यांच्या हातात मोबाइल होता आणि ते आमच्या शेजारच्या जोडप्याचा व्हिडिओ काढत होते. मी त्यांना हाक मारली तेव्हा ते म्हणाले, “येतील हो, येतील.”

उभ्याने जमत नसेल तर खाली बसायचं. बसूनही जमत नसेल तर पालथं पडून हातांनी पाणी कापायचं, म्हणजे वाऱ्याला अंगच सापडत नाही. काही झालं तरी बोर्ड सोडून पोहायला लागायचं नाही, कारण बोर्ड बुडत नाही आणि दुरून दिसतो. तीन वाक्यं. ती नणंदेला कुठून तरी ऐकून माहीत होती, म्हणून तिने लेकीला ओरडून आडवं व्हायला लावलं. तोवर पलीकडच्या चौकीवरचा जीवरक्षक आपला बोर्ड घेऊन पाण्यात उतरला होता. त्याने दोघींना एकामागून एक आणलं. तो तुमचा कर्मचारी नव्हता. भाची वाळूवर बसून थरथरत होती, दातांवर दात आपटत होते आणि तुमचे प्रशिक्षक येऊन म्हणाले, “काय, लांब सफर झाली ना!”

या एका वाक्यासाठी हे पत्र दोन पानांचं झालं आहे, असं समजलात तरी हरकत नाही.

दुसऱ्या दिवशीच्या सर्फिंगच्या वर्गाचं चित्र थोडं निराळं आहे आणि ते प्रामाणिकपणे लिहायला हवं. बोर्ड चांगले होते: मऊ फोमचे, लांब, खालचे पंख रबराचे. लीश, म्हणजे बोर्डाला जोडलेली दोरी, प्रत्येकाच्या मागच्या पायाला नीट बांधली गेली. कमरेएवढ्या पाण्यात, आधीच फुटलेल्या लाटांच्या फेसावरच शिकवलं, हेही बरोबर. पण गट इतका मोठा होता की तुमच्या पुरुष प्रशिक्षकांनी एकाला लाटेवर ढकललं की आधीचा अजून पाण्यातून उठायचा असायचा. एका काकांच्या नडगीवर बोर्डाचं टोक आपटून टेंगूळ आलं. शिवाय तुम्ही आम्हाला उतरवलंत ते लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे. ती पोहणाऱ्यांची जागा. बोर्डवाल्यांसाठी काळ्या-पांढऱ्या चौकडीचा झेंडा वेगळा लावलेला होता, शंभर पावलांवर. जीवरक्षकाने शिट्टी मारून आम्हाला हुसकलं तेव्हा पोहणारे लोक आमच्याकडे ज्या नजरेने बघत होते ती नजर खरं तर तुमच्या वाट्याची होती.

आणखी एक. फोटोसाठी आम्हाला वाळूवर बोर्डावर पालथं पाडून, छाती वर, मान वर, अशा पोझमध्ये ताटकळत ठेवलं गेलं. पाण्यातही तेच, ‘लाट येऊ दे’ म्हणत. सर्फर्स मायलोपथी नावाचा प्रकार आहे. हवाईतल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये त्याबद्दल पहिल्यांदा लिहिलं. पाठ मागे वाकवून बराच वेळ पालथं राहिल्याने मज्जारज्जूचा रक्तपुरवठा अडतो, असं मानतात. पाठीत कळ येते, पाय बधिर होतात आणि काहींचे पाय पुन्हा पूर्ववत होत नाहीत. फार दुर्मिळ आहे, पण होतो तो बहुतेक करून पहिल्यांदाच सर्फिंग करणाऱ्यांना. म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकांनाच. त्यांना अधूनमधून बोर्डावर उठून बसू देणं आणि ‘पाठीत काही वाटलं तर लगेच सांगा’ म्हणणं, याला खर्च येत नाही.

त्या वर्गात तुमच्या एक तरुण प्रशिक्षिका होत्या. नाव लिहीत नाही, वेळेवरून तुम्हाला कळेलच. अर्ध्या गटाला त्यांनी बाजूला घेतलं आणि पाण्यात जाण्याआधी पडायला शिकवलं: डोक्यावर सूर मारायचा नाही, अंग पसरून पडायचं, वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती, कारण बोर्ड कुठून येईल सांगता येत नाही. बोर्ड आपल्या आणि लाटेच्या मधे आडवा धरायचा नाही. लीश हाताला गुंडाळायची नाही. मग त्यांनी आम्हाला समुद्राकडे तोंड करून उभं केलं आणि फुटणाऱ्या लाटांच्या मधला एक गडद, गुळगुळीत पट्टा दाखवला. “तिथे सोपं दिसतंय ना? तिथूनच पाणी परत जातंय.” त्यात सापडलो तर उलटं पोहायचं नाही, काठाला समांतर बाजूला व्हायचं, दम संपला तर तरंगत हात वर करायचा. आदल्या दिवशीच्या प्रकारानंतर भाची पाण्यात पाऊल टाकायला तयार नव्हती. या बाईंनी तिला बोर्ड न देता नुसतं हात धरून फेसात उभं केलं, तळावर पाय घासत चालायला लावलं म्हणजे खाली एखादा पाकट मासा बसला असेल तर निघून जाईल, आणि मग तिलाच विचारलं, आता बोर्ड आणू का. ती हो म्हणाली. अशी माणसं तुमच्याकडे आहेत आणि तरी पॅडलबोर्डचा वर्ग तसा झाला, याचा मला जास्त राग आहे.

तिथल्या तिथे काउंटरवर तक्रार केली तेव्हा मला फॉर्मवरची सही दाखवण्यात आली. नवऱ्याची सही पाण्याने पसरली होती, तरी तीही दाखवली. सही आम्ही समुद्राच्या धोक्यांसाठी केली होती. अर्धवट फुगवलेला बोर्ड, न तपासलेला वारा आणि मोबाइलमध्ये गुंतलेला प्रशिक्षक हे समुद्राचे धोके नाहीत.

आणि आता फोटोचं. परतल्यावर नणंदेच्या एका मैत्रिणीने तुमची जाहिरात पाठवली: ‘पहिल्याच दिवशी पाण्यावर उभी!’ खाली आमची भाची. तिला विचारलं नाही, तिच्या आईला विचारलं नाही, फॉर्ममध्ये त्याचा उल्लेख नाही. मूल अल्पवयीन आहे. फोटो ती बाहेर ओढली जाण्याच्या थोडाच वेळ आधीचा असणार, कारण कोपऱ्यात तुमच्याच कंपनीचा झेंडा आहे आणि तो ताणून समुद्राकडे फडकतो आहे. माझ्या तक्रारीचा याहून चांगला पुरावा मलाही गोळा करता आला नसता.

पॅडलबोर्डच्या वर्गाची चौघांची पूर्ण रक्कम परत करावी. सर्फिंगची मागत नाही. ती त्या प्रशिक्षिकांनी कमावली आहे. भाचीचा फोटो आठवड्याभरात सगळीकडून काढावा आणि काढल्याचं लेखी कळवावं. वारा किंवा लाटा प्रतिकूल असतील तर वर्ग रद्द करण्याचा अधिकार तुमच्याकडे नक्की कोणाला आहे आणि त्या दुपारी ती व्यक्ती कुठे होती, याचं उत्तर हवं. तुमच्या फलकावर प्रशिक्षक ‘आंतरराष्ट्रीय दर्जाचे’ असल्याचं लिहिलं आहे. इंटरनॅशनल सर्फिंग असोसिएशनचं प्रशिक्षकपद मिळवायला पाण्यातल्या बचावाचं प्रशिक्षणही लागतं. तुमच्या प्रशिक्षकांपैकी कोणाकडे ते आहे, तेही कळवावं.

उत्तर ईमेलवर द्यावं. फोन नको. फोनवर मला दोन्ही वेळा पुढच्या बुकिंगवर सवलत देऊ करण्यात आली, आणि एकदा तर ‘ॲडव्हान्स्ड’ वर्गाची. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक तक्रार निवारणाकडे अर्ज करेन. तो लिहून तयार आहे.

आपली,
एक ग्राहक

सोबत : वेळ बदलल्याच्या मेसेजची प्रत, तुमच्या जाहिरातीची प्रत (भाचीचा चेहरा झाकून).