ती सोनकी नाही, कॉसमॉस आहे

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात सिंहगडाच्या वाटेवरच्या पिवळ्या फुलांचा मोठा फोटो आला होता, खाली लिहिलं होतं 'सोनकी बहरली', पण ती आपली रानातली सोनकी नव्हती, बाहेरून येऊन पसरलेला कॉसमॉस होता. नुसती चूक दाखवायला लिहीत नाहीये. परवा रविवारी गडाच्या उतारावर काही कॉलेजची मुलं कॉसमॉस काढायला आली होती, अगदी मनापासून कामाला लागलेली, आणि मी पोचेपर्यंत दोन पिशव्या भरून त्यांनी सोनकीच उपटली होती. फार वाईट वाटलं.

फुलावर जाल तर फसाल, दोन्ही पिवळी, दोन्ही सूर्यफुलाच्याच कुळातली. पान बघा. सोनकीचं पान अखंड, फक्त कडेला दाते असतात. कॉसमॉसचं पान झेंडूसारखं चिरत गेलेलं, लांबून गाजराचा पालाच वाटतो. सोनकी फार तर गुडघ्यापर्यंत, फूल रुपयाच्या नाण्याएवढं, रंग हळदीसारखा. कॉसमॉस कमरेच्या वर जातो, कधीकधी डोक्याएवढा, फूल मोठं, बरेचदा केशरी, आणि पाकळीचं टोक कातरल्यासारखं. बी काळं, लांबट, कुसळासारखं, ते कपड्यांना चिकटून आपल्याबरोबरच पुढे जातं.

सोनकी आपल्या सह्याद्रीची. कॉसमॉस मूळचा मेक्सिकोकडचा, बागेसाठी आणला आणि कुंपणाबाहेर पडला, आता वेताळ टेकडीवरही दिसतो. काही वर्षांपूर्वी मीच कात्रज घाटातून त्याचं बी आणून सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर टाकलं होतं, छान दिसतं म्हणून. पावसाळ्याच्या सुरुवातीला आम्ही तिथून टाकळ्याची कोवळी भाजी आणायचो, दोन वर्षांत टाकळा आणि कुर्डू दोन्ही दिसेनासे झाले, तेव्हा कळलं आपण काय करून बसलो. गाजर गवत १९५५ च्या सुमारास पुण्यातच पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरलं आणि पुढे देशभर पसरलं, हे तरी आपण पुणेकरांनी विसरू नये.

आता विनंती. कॉसमॉस काढायचाच तर बी धरायच्या आत आणि वनखात्याला विचारून काढावा, सोबत झाडं ओळखणारं कोणीतरी हवंच. आणि पुढच्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आपण दोन्ही पानांचा शेजारी शेजारी मोठा फोटो छापावा, पानं मी ऑफिसात आणून देईन.

एक वाचक, कोथरूड, पुणे