चारातला एक अलॉय

प्रिय दोस्ता,

दिवाळीला फोन करतो म्हणालो होतो, त्याला दोन दिवाळ्या झाल्या. शिव्या राखून ठेव, आधी हे वाच. आईचे गुडघे आहेत तसेच, माझी शुगर गोळीवर.

वरची खोली रिकामी केली, पोरीला अभ्यासाला पाहिजे होती. बलेनो गाडी गेली तरी तिची आतडी तिथंच पडून होती: हेडर (धुराचे पाइप), दोन कोन फिल्टर, कापलेल्या स्प्रिंगा, न फोडलेले गॅस्केट. हेडर नांदेडच्या एकानं नेला. फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनच्या त्या जड चाकाला, गिऱ्हाईकच नाही, शेवटी भंगारात दिलं. भंगारवाला काट्यावर ठेवून म्हणतो, "साहेब, हलकं भरायलंय." चिकलठाण्याच्या लेथवर पैसे मोजून आपणच हलकं केलं होतं की रे!

अलॉय, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या रिमा, मात्र गेल्या, आणि माझी झोपही. आधी एक मारुती 800 वाला आला. त्याच्या चार बोल्टांच्या वर्तुळाचं माप 114.3 मिमी, आपलं 100. बोल्ट बसणार कुठून? मग अंबाजोगाईचं पोरगं आलं, स्विफ्टवालं. काका-काका करत 11 हजारांवर आणलं. अलॉयचं मधलं भोक 73.1 मिमी, तुझं हब (गाडीचा ज्यावर चाक बसतं तो भाग) 54.1, मधली फट भरायला रिंगा टाकल्याशिवाय चालवू नको, स्टेअरिंग थरथरेल, असं सगळं मी त्याला शिकवलं. मोठा मास्तर! चारातला एक वेल्डिंगचा आहे, तेवढं सांगायचं राहिलं. राहिलं कशाचं, पैसे मोजताना आठवलं होतं मला.

मोंढ्याजवळ भर रस्त्यात तू ओरडला होतास: "वेल्डिंगच्या उष्णतेनं आजूबाजूचं अ‍ॅल्युमिनियम मऊ पडतं, खड्ड्यात परत तिथंच फुटंल, किलोवर दे." मी तुझा बाप काढला. दोन महिने अबोला. (माझा टॉर्क रेंच, बोल्ट मापून आवळायचा पाना, तेव्हापासून तुझ्याकडंच आहे.) एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही: तो अलॉय मी नंतर लावलाच नाही. त्या चाकाला लोखंडी रिम घालून हिंडलो. म्हणजे स्वतःसाठी मला कळत होतं.

पोराला फोन केला, अलॉय आण, पैसे परत देतो. तर म्हणतो, "काका, जास्त देणारा भेटला का?" वेल्डिंगचं सांगितलं तर हसला, "हवा तर कमी होईना." रोज बीडला जातो म्हणे. मांजरसुंब्याचा घाट डोळ्यासमोरून हलेना.

रंगवाल्या चाचानं घासून चारींना एकच चंदेरी रंग मारला, त्यामुळं ओळखू येत नाही. वेल्डिंगच्या अलॉयवर तू पंचनं खुणेचं टिंब मारलं होतंस. कुठं? व्हॉल्व्हजवळ की आत, टायरखाली? आत असेल तर चारी टायर उतरवावे लागतील.

वहिनींची बदली झाली का? धाकट्याच्या बारावीचं काय? सविस्तर लिही.

फोनवर बोलायचं तोंड नाही, म्हणून पत्राचा फोटो पाठवायलोय. रविवारी सकाळी 11 हजार घेऊन निघतो. टिंब कुठंय तेवढं कळव. येणार असशील तर बीडच्या स्टँडवर थांब, आणि रेंच घेऊन ये.

तुझाच