पाक नव्हे, पातळ सिरप

ट्रेव्हिझो, इटली
१२ डिसेंबर

ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

दादाच्या पन्नाशीला फसफसत्या वाइनचे कॉकटेल द्यायचे तुम्ही ठरवलेत, म्हणून कृती सविस्तर कळवते. माझी पहिली फजिती आपल्याच स्वयंपाकघरातल्या सवयीने झाली होती.

मी एकतारी पाक केला. तो पेल्याच्या तळाशी जाऊन बसला आणि ढवळायला गेले, तर निम्मे बुडबुडे उडाले. तेव्हा तारेची वाट न पाहता २०० ग्रॅम साखर तितक्याच पाण्यात विरघळवावी, मंडईतली पाव किलो स्ट्रॉबेरी चिरून घालावी आणि रंग उतरेपर्यंत, साधारण दहा मिनिटे, मंद आचेवर ठेवावे. वासासाठीची बॅझिलची पाने मात्र गॅस बंद केल्यावरच घालून अर्धा तास झाकावीत. उकळली की ती काळवंडतात आणि त्यांना गवताचा वास येतो. बॅझिल इथे वापरतात; तुमच्या गच्चीतला सब्जा त्याच जातीचा. तुळस नको: तिचा वास लवंगेकडे झुकतो, शिवाय वृंदावनातली पाने वाइनसाठी खुडलेली आईला चालायची नाहीत.

सिरप चक्क्याच्या फडक्यातून, न पिळता गाळावे. एकदा मी चहाच्या गाळणीवर भागवले; गराच्या कणांभोवती वायू जमून असा फेस उसळला की शेजारणीचा पांढरा टेबलक्लॉथ गुलाबी झाला.

वाइन घेताना लेबलवर ‘ब्रूट’ पाहावे. ‘ड्राय’ म्हणजे गोड नसलेली, पण ‘एक्स्ट्रा ड्राय’ हे नाव फसवे आहे. तिच्यात लिटरमागे १२ ते १७ ग्रॅम साखर असते, ब्रूटमध्ये १२ पेक्षा कमी, आणि गोडी तर आपले सिरप आणणारच आहे. इथली फसफसती वाइन, प्रोसेक्को, मिळाली नाही तरी नाशिककडची ब्रूट उत्तम चालेल. बाटली आणि सिरप दोन्ही रात्रभर फ्रीजमध्ये असू द्यावे, कारण गार वाइनमध्ये वायू टिकतो. पेल्यात आधी १५ मिली सिरप, मग पेला तिरका धरून १२० मिली वाइन हळूहळू ओतावी. ७५० मिलीच्या बाटलीत सहा पेले होतात. आईला त्याच सिरपात सोडा आणि लिंबू द्यावे.

दादाला बूच उडवू देऊ नका. बाटलीतला दाब मोटारीच्या टायरहून जास्त असतो. बूच घट्ट धरून बाटलीच फिरवायला सांगा.

तुमची नणंद