निकालाबरोबर जूनमधली पातळीही छापा

महोदय,

दहावीचा निकाल लागला की शंभर टक्केवाल्या शाळांचे फलक चौकाचौकांत झळकतात. मुले शाळेत आली तेव्हा कुठे होती, हे मात्र कोणत्याच फलकावर नसते. प्रवेशासाठी मुलाखत वा चाचणी घेण्यास शिक्षण हक्क कायदा, 2009 ने बंदी घातली आहे. पण निवड व्हायची ती फी आणि स्कूलबसच्या अंतरावरून होतेच. शिवाय नववीतल्या कच्च्या मुलाला ‘17 नंबरचा फॉर्म भर’ म्हटले की तो खासगी विद्यार्थी म्हणून बाहेरून दहावीला बसतो आणि शाळेची टक्केवारी न शिकवता वाढते.

मुलांच्या ज्या बाबींमुळे शाळेचा दर्जा खरोखर हलतो, त्यांत बुद्धी फार खाली येते. पहिला क्रमांक हजेरीचा. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाचे किमान 200 दिवस ठरवले आहेत. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेलेले मूल परत येईपर्यंत त्यातले जवळजवळ निम्मे संपलेले असतात. चार-पाच दिवसांची दांडीही महागात पडते. हातच्याची वजाबाकी शिकवली ते दिवस बुडाले, तर 62 मधून 38 वजा करताना मूल 36 लिहिते, कारण दोन्ही घरांत ते मोठ्यातून लहान वजा करते. मग चौथीत भागाकार अडतो आणि गुरुजी भागाकारच पुन्हा शिकवत बसतात. घरी पावरा किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाची अडचण वेगळी: अक्षरे जुळवून ते वाचते, अर्थ मात्र लागत नाही.

म्हणून काय ‘मुलेच तशी येतात’ म्हणून हात झटकायचे? नाही. मोजायचे. जूनमध्ये प्रत्येक मुलाला एकट्याने समोर बसवून अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद अशा क्रमाने वाचून घ्यावे. मुलामागे पाच मिनिटे धरली तर 20 मुलांना 100 मिनिटे, म्हणजे दोन दिवसांचे काम. रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट करावेत, आणि दर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासून मुले वरच्या गटात न्यावीत. बहुतेक ठिकाणी घोळ इथेच होतो. गट एकदा पडले की बदलत नाहीत आणि ‘कच्चा गट’ हा शिक्का वर्षभर टिकतो. दुसरी चूक म्हणजे सामूहिक लेखी चाचणी. तिच्यात शेजाऱ्याची पातळी मोजली जाते. तिसरी, गैरहजर मुले सरासरीतून वगळणे. स्थलांतरित मुलाच्या शिक्षण हमी कार्डावर नावागावाबरोबर त्याची पातळीही नीट भरली, तर पुढची शाळा शून्यापासून सुरू करणार नाही.

समजा, एका शाळेत तिसरीच्या 20 पैकी 14 मुले जूनमध्ये परिच्छेद वाचत होती, मार्चमध्ये 18 वाचू लागली. दुसऱ्या शाळेत 3 वाचत होती, ती 13 झाली. आजच्या पद्धतीत कौतुक पहिल्या शाळेचे होते आणि तपासणी पथक दुसऱ्या शाळेच्या दारात उभे राहते. शिक्षण विभागाने शाळांच्या तक्त्यात तीन रकाने वाढवावेत: जूनची पातळी, मार्चची पातळी आणि सरासरी हजेरी. नववीत किती मुले होती आणि त्यांतली किती नियमित विद्यार्थी म्हणून दहावीला बसली, हाही आकडा निकालाशेजारी छापावा.

– एक निवृत्त केंद्रप्रमुख