वकील शोधून देणाऱ्या सर्वांचे आभार

बौद्धिक अक्षमता असलेला आमचा मुलगा १८ वर्षांचा झाल्यावर आई-वडील म्हणून असलेले आमचे कायदेशीर पालकत्व संपले, तेव्हा १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक म्हणून नेमणूक होण्यासाठी जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो हे सांगून, अशा प्रकरणांचा अनुभव असलेल्या वकीलबाईंपर्यंत आम्हाला पोहोचवणाऱ्या विशेष शाळेतील पालकांचे आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत. मृत्युपत्राने सारे थेट मुलाच्या नावे न करता १८८२च्या भारतीय न्यास कायद्यानुसार खासगी न्यास (मुलासाठी मालमत्ता सांभाळणारा ट्रस्ट) स्थापावा आणि आमच्या पश्चात विश्वस्त व पालक शक्यतो वेगवेगळे असावेत, हा वकीलबाईंचा सल्ला (काही नातेवाइकांना तो खटकला) आम्हाला पूर्णपणे पटला. अर्जासोबतची कागदपत्रे जिल्हाधिकारी कार्यालयात शांतपणे तपासून देणाऱ्या लिपिकांचेही आभार.